रोरी गॅलाहरची स्ट्रॅट: घामाने झिजली ती आणि कारखान्यात झिजवली ती

१७ ऑक्टोबर २०२४ ला लंडनमध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात एक इलेक्ट्रिक गिटार विकली गेली. बोली थांबली ७ लाख पौंडांवर. लिलावगृहाचं कमिशन धरून घेणाऱ्याने ८ लाख ८९ हजार ४०० पौंड मोजले. आपल्या पैशांत साडेनऊ कोटींच्या वर. फोटो पाहिलात तर पहिल्यांदा मनात येईल, हिला कुणी रंग का नाही दिला? दर्शनी बाजूचा बहुतेक रंग गेलेला, खालचं करडं-तपकिरी लाकूड उघडं पडलेलं, सहा खुंट्यांपैकी एक वेगळ्याच कंपनीची, फ्रेटबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवर, बाराव्या घरात दोन ठिपके आणि त्यातला एक पिवळट तर एक पांढराफटक.

हाच उडालेला रंग, याच आकाराचे डाग, विजोड खुंटीसकट, १९९७ पासून दुकानात नवा कोरा मिळतो. फेंडर कंपनीचं कॅलिफोर्नियातल्या कोरोना गावी कस्टम शॉप आहे, हाताने मोजक्या गिटारी बनवणारा खास विभाग. त्याने आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहरच्या या स्ट्रॅटोकास्टरची (हे फेंडरचं मॉडेल, लाडाने स्ट्रॅट) प्रतिकृती बाजारात आणली. किंमत काही लाख रुपये. एकाच चेहऱ्याच्या दोन वस्तू झाल्या. एकीला तो चेहरा यायला तीस वर्षं लागली, दुसरी तो घेऊनच दुकानात आली. खरी झीज आणि मुद्दाम आणलेली झीज यांतला फरक बघायला मला हे प्रकरण फार सोयीचं वाटतं, कारण इथे कुणी कुणाला फसवत नाही. फसवणूक असली की आपण चिडतो, आणि वस्तूकडे नीट बघायचं राहून जातं.

गिटार आली कुठून

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ चा, आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातल्या बॅलीशॅनन गावचा. वाढला आधी डेरी शहरात, मग कॉर्कमध्ये. तेव्हा आयर्लंडात शोबँडचं राज्य होतं. नाचाच्या हॉलमध्ये रात्रभर लोकप्रिय गाणी वाजवायची, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हे आयुष्य वेगळं सांगायला नको.

रॉयल शोबँडमधल्या जिम कॉनलनने फेंडरची लाल स्ट्रॅटोकास्टर मागवली होती. आली ती सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळी, कडेला लालसर होत काळी पडत जाणारी. लाल येईपर्यंत त्याने ती वाजवली, आणि लाल आल्यावर ही कॉर्कमधल्या क्रॉली यांच्या दुकानात विकायला ठेवली. ऑगस्ट १९६३ मध्ये पंधरा वर्षांच्या रोरीने ती उचलली. किंमत शंभर पौंडांच्या आसपास, आणि पैसे हप्त्याने. आईला पटवायला त्याने हिशेब मांडला होता म्हणतात: या गिटारीवर मी ऱ्हिदम (साथ) आणि लीड (मुख्य सुरावट) दोन्ही वाजवू शकतो, म्हणजे बँडला दुसरा गिटारवाला लागणार नाही. सगळ्या जगातली पोरं आयांना असंच गुंडाळतात.

गिटार १९६१ ची बनावट, मालिका क्रमांक ६४३५१. म्हणजे रोरीच्या हातात आली तेव्हा दोन वर्षांची, जेमतेम वापरलेली. तिथपासून १४ जून १९९५ ला तो वारला तोवर ती त्याच्यापाशीच राहिली. मध्ये थोडे दिवस सोडून.

ते दिवस चोरीचे. साठच्या दशकात डब्लिनमध्ये बँडच्या गाडीतून ती चोरीला गेली. आयरिश टीव्हीवरच्या पोलिसांच्या कार्यक्रमातही तिची बातमी दिली गेली, आणि बहुधा त्यामुळेच चोराला ती विकणं जड गेलं असावं. काही दिवसांनी ती सापडली, एका खड्ड्यात, पावसात भिजलेली. रंग सुटायला तिथूनच सुरुवात झाली असं सांगितलं जातं. परत मिळाल्यावर रोरीने ठरवलं, हिला कधी रंगवायचं नाही आणि कधी विकायचं नाही. दोन्ही पाळलं.

रंग का गेला

लोक थेट दंतकथेकडे जातात म्हणून आधी साहित्याचं बोलतो.

त्या काळात फेंडर सनबर्स्ट गिटारीचं अंग आल्डर लाकडाचं करत असे आणि वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर देत असे. हे लॅकर वाळतं ते फक्त त्यातला द्रावक उडून. थराच्या आत कुठलीही रासायनिक घट्ट बांधणी होत नाही, त्यामुळे ते कायम थोडं हळवं राहतं. घाम, तेल, उष्णता, घर्षण, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. वर्षं जातात तसं ते पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. साठचं दशक संपता संपता फेंडरने पॉलिएस्टरचा जाड, काचेसारखा टणक थर द्यायला सुरुवात केली. तो झिजत नाही. आपटला तर टवका उडतो, बाकी जागचा हलत नाही. रोरीने १९७५ ची स्ट्रॅट घेऊन तितकाच घाम गाळला असता तरी ती अशी दिसली नसती. खरी झीज म्हणजे नुसती मेहनतीची खूण नव्हे. साहित्य, माणूस आणि हवामान तिघांचा तो करार असतो, आणि त्यातलं एक बदललं की दिसणं बदलतं.

आता घाम. त्याचा भाऊ आणि मॅनेजर डोनल सांगत आला की रोरीचा रक्तगट दुर्मिळ होता आणि घाम फार आम्लयुक्त. रक्तगटाचा भाग मी बाजूला ठेवतो. रक्तगटाने घामाची आम्लता ठरते हे मला पटत नाही. पण घाम माणसागणिक वेगळा असतो हे कुठलाही गिटार दुरुस्त करणारा सांगेल. काहींच्या तारा महिनाभर चकाकतात, काहींच्या दोन बैठकींत काळ्या पडतात. मुंबईत खाऱ्या हवेत वाजवणाऱ्यांना याचा अंदाज आहेच. त्यात रोरी वाजवायचा कसा, तर अंगावरचा चौकडीचा शर्ट ओलाचिंब होईपर्यंत. नेकने, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याने, इतका ओलावा शोषला की ती वाकली. ती काढून दुसरी नेक लावावी लागली. जुनी बरीच वर्षं तशीच पडून राहिली, वाळून ताळ्यावर आली, आणि मग पुन्हा चढवली गेली.

दुरुस्त्यांची यादी झिजेइतकीच बोलकी आहे. फ्रेट, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, अनेकदा बदलले. नट, म्हणजे खुंट्यांकडची तारा टेकायची खाचांची पट्टी, अनेकदा बदलला. तारांचा आवाज टिपणारे पिकअप बदलले, तेही बिघडले म्हणून, आवाजाच्या हौसेने नव्हे. पिकअप निवडायचा तीन टप्प्यांचा स्विच काढून पाच टप्प्यांचा घातला. टोनच्या एका बटणाची जोडणी तोडून एकच मुख्य टोन ठेवला. पाच खुंट्या स्पर्झेल कंपनीच्या, एक गोटोची. बाराव्या घरातला एक ठिपका कधीतरी पडला, त्याच्या जागी प्लास्टिकचा चिकटवला. तोच तो पांढराफटक.

ज्याला अस्सल जुनी वस्तू म्हणजे सगळे भाग मूळचे असं वाटतं, त्याची इथे पंचाईत होते. या गिटारीत मूळचं असं आता बरंच कमी उरलंय. पण त्या बदललेल्या प्रत्येक भागाला एक कारण आहे, आणि ते कारण वाजवण्यातून आलेलं आहे. माझ्या लेखी तीही झीजच.

तिकडे कोरोनामध्ये

योगायोग असा की ज्या १९९५ च्या जूनमध्ये रोरी गेला, त्याच वर्षीच्या जानेवारीत फेंडरने नॅम या अमेरिकी वाद्यविक्रेत्यांच्या संघटनेच्या व्यापारी प्रदर्शनात पहिल्या 'रेलिक' गिटारी मांडल्या होत्या. एक नोकास्टर, एक मेरी के स्ट्रॅट, दोन्ही फेंडरच्याच जुन्या मॉडेलांवरून. दोन्ही नव्या, दोन्ही चाळीस वर्षं वाजवल्यासारख्या दिसणाऱ्या. लोकांना आधी वाटलं, कंपनीने आपल्या संग्रहातल्या जुन्या गिटारी शोभेला ठेवल्यात. मागणी अशी आली की कंपनीलाच नवल वाटलं. सुरुवातीची काही वर्षं हे जुनं करण्याचं काम मिसुरी राज्यात व्हिन्स कुनेटो नावाचा कारागीर करायचा. कोरोनाहून कोरी अंगं आणि नेक त्याच्याकडे जायच्या आणि 'म्हाताऱ्या' होऊन परत यायच्या. १९९९ नंतर काम कंपनीने आत घेतलं. कल्पनेचं मूळ म्हणून रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची गोष्ट सांगतात: दौऱ्यासाठी बनवलेल्या नव्या गिटारी बघून तो म्हणाला, जरा आपटाधोपटा, म्हणजे वाजवेन. खरी असो नसो, ती विकायला उत्तम आहे.

हे करतात कसं? गुपितं प्रत्येकाची आपापली, पण पाया सगळ्यांचा सारखा. अंगावर पातळ नायट्रो मारायचा. तो पुरता वाळला की थंडीचा झटका द्यायचा. लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या गतीने आकसतात, लॅकरला तडे जातात. मग जिथे हात लागतो तिथला रंग घासून काढायचा, उघड्या लाकडाला डाग देऊन काळपट करायचं, कडांवर किल्ल्या, साखळ्या, काय हाती येईल त्याने टोचे मारायचे. निकेलचे भाग बंद डब्यात हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेवर ठेवले की रात्रीत चकाकी जाते आणि स्क्रूंच्या डोक्यांवर गंज धरतो. प्लास्टिकची बटणं चहा-कॉफीच्या पाण्यात. हौशी लोक घरी हे करतात आणि त्या वाफेने कपाटातली सगळी हत्यारं गंजवून बसतात, तेव्हा कुणी मनावर घेऊ नये.

रोरीच्या प्रतिकृतीसाठी यापुढे एक पाऊल टाकावं लागलं. सर्वसाधारण रेलिकमध्ये झीज कल्पनेने घातली जाते: 'कोणीतरी' वाजवली असती तर कशी झाली असती. इथे 'कोणीतरी' ठरलेला होता. डोनलच्या सहकार्याने मूळ गिटार तपासून तिचे डाग जसेच्या तसे उतरवले गेले. त्यामुळे एक मजेदार गोष्ट झाली. मूळ गिटारीवर खुंटी विजोड आहे कारण कधीतरी एक खुंटी गेली आणि हाताशी होती ती बसवली. प्रतिकृतीत तीच विजोड खुंटी मुद्दाम दुसऱ्या कंपनीकडून मागवावी लागते. एकीकडे अडचण होती, दुसरीकडे ती खरेदी खात्याच्या यादीतली एक ओळ आहे.

भिंगाखाली

लांबून दोन्ही सारख्या. जवळून बघताना काय शोधायचं?

पहिली जागा उजव्या हाताच्या कोपराखालची, अंगाच्या वरच्या कडेला, जिथे हाताचा भार येतो. वर्षानुवर्षं कातडीने घासलेल्या जागी रंग एकदम संपत नाही. तो विरळ होत जातो. आधी वरचा चकचकीत थर, मग काळा, मग लाल, मग पिवळा, आणि मग लाकूड. समुद्राच्या ओहोटीला वाळूवर राहतात तशा कडा एकीपुढे एक. प्रत्येक कड हाताने चोळून गुळगुळीत झालेली. सॅंडपेपरने काढलेला रंगही अशाच पायऱ्या दाखवतो, पण भिंगातून बघितलं तर तिथे एका दिशेच्या बारीक समांतर रेघा सापडतात. चांगला कारागीर त्याही घालवतो, मग लाकडाकडे वळायचं. तीस वर्षं तेल-घाम प्यायलेलं लाकूड आतपर्यंत काळवंडलेलं असतं, आणि ते सगळीकडे सारखं नसतं: मनगटाकडे जास्त, कोपराकडे कमी. डाग देऊन काळं केलेलं लाकूड एकसारखं असतं. निसर्गाला एकसारखेपणा जमत नाही, माणसाला एकसारखेपणा टाळणं जमत नाही.

लॅकरचे तडे बघा. हवामानाने पडलेले तडे साधारणपणे लाकडाच्या रेषेला आडवे जातात, कुठे दाट, कुठे विरळ, आणि जिथे लाकडाचे दोन तुकडे जोडलेत तिथे बहुधा दिशा बदलतात. काही लोक ब्लेडने तडे काढतात. ते सरळ असतात, आणि त्यांच्यातलं अंतर वहीच्या रेघांसारखं.

अतिनील दिव्याखाली जुना नायट्रो हिरवट-पिवळा उजळतो. नवा तसा उजळत नाही.

पण खरी परीक्षा एकेका डागाची नसते, डागांच्या आपसातल्या संबंधांची असते. साक्षीदार एकटा बोलत असेल तर काहीही बोलेल. चौघांना वेगवेगळं विचारलं की गोष्ट जुळते का ते कळतं. फ्रेटबोर्डवर पहिल्या तीन घरांत बोटांनी खळगे पडले असतील तर त्या घरांतले फ्रेटही खचलेले हवेत, नाहीतर फ्रेट बदलल्याच्या खुणा हव्यात. कोपराखालचा रंग लाकडापर्यंत गेला असेल तर ब्रिजवर, म्हणजे अंगावर तारा अडकवायच्या धातूच्या भागावर, जिथे तळहात टेकतो तिथलं निकेल खाल्लेलं हवं. मागच्या बाजूला पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे असतील तर ते वाजवणाऱ्याच्या पोटाच्या उंचीला हवेत. पिकगार्डचे (तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीचे) स्क्रू गंजलेले असतील तर ते उघडताना आतल्या लाकडातही गंजाचा डाग उतरलेला दिसायला हवा. आणि पिकगार्डखाली, जिथे ना हात पोचला ना प्रकाश, तिथे सनबर्स्ट जवळजवळ नव्यासारखा झळझळीत सापडायला हवा. नकली म्हातारपण बहुतेकदा इथेच उघडं पडतं: झाकणाखाली डोकावायची तसदी कोणी घेणार नाही असं गृहीत धरलेलं असतं.

कारण शोधता आलं की झीज वाचता येते. अमेरिकन गायक विली नेल्सनच्या नायलॉन तारांच्या मार्टिन गिटारीला आवाजाच्या मूळ भोकाशेजारी एक दुसरंच भोक पडलंय. क्लासिकल गिटार बोटांनी वाजवायची असते म्हणून तिला पिकगार्ड नसतो, आणि हा गृहस्थ १९६९ पासून तिच्यावर पिक (तारा छेडायची पातळ चकती) चालवतोय. भोक नेमकं तिथेच का, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. रोरीच्या गिटारीवरच्या डागांना अशीच उत्तरं आहेत, आणि काहींची मिळणार नाहीत, कारण ती डब्लिनच्या त्या खड्ड्यात आहेत.

प्रतिकृतीला हे प्रश्न विचारले तर? तिथे प्रत्येक डागाचं उत्तर एकच येतं: मूळ गिटारीवर होता म्हणून. ते उत्तर खोटं नाही. पण त्याच्यापुढे चौकशी सरकत नाही.

मग प्रतिकृती हा ढोंगीपणा आहे का

माझं उत्तर नाही असं आहे, आणि गिटारवाल्या मित्रांशी यावरून माझे वाद झालेत. त्यांचा मुद्दा असा की न जगलेलं आयुष्य अंगावर मिरवू नये. फाटलेली जीन्स विकत घेणाऱ्याला जो टोमणा मारतात तोच. पण रेलिक घेणारे दोन कारणं सांगतात आणि दोन्ही मला खरी वाटतात. एक, घासलेली नेक हाताला चांगली लागते. नव्या चकचकीत लॅकरला तळवा चिकटतो. हे बोटांना कळतं, त्यात दिखाऊपणा नाही. दुसरं, पहिल्या ओरखड्याची भीती जाते. चार लाखांची चकचकीत गिटार माणूस घरात पेटीत ठेवतो. आधीच ओरखडलेली घेऊन गल्लीतल्या गणपतीसमोरही वाजवतो.

तिसरं कारण कोणी सांगत नाही, ते म्हणजे आरशात रोरीसारखं दिसायचं असतं. असू दे की.

फसवणूक सुरू होते ती कागद गळाला की. कस्टम शॉपच्या गिटारीवर हेडस्टॉकमागे, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकामागे, विभागाचा शिक्का असतो, सोबत प्रमाणपत्र येतं. तोच सॅंडपेपर आणि तेच आम्ल वापरून कोणी नव्या भागांची '१९६१ ची स्ट्रॅट' जुळवतो आणि शिक्का न मारता विकतो, तेव्हा डाग तेच असतात, पण आता ते खोटी साक्ष देत असतात. मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर नव्याने जुळवलेले पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन 'आजोबांच्या काळचे' म्हणून विकले जातात, त्यातला प्रकारही हाच. ग्रामोफोन वाजतो, शोभेला बरा दिसतो, आणि 'नवीन बनावट, जुन्या धर्तीचा' असं लिहून विकला असता तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. प्रामाणिकपणा झिजेत नसतो, पावतीत असतो.

आपल्याकडे वाद्यांबाबत हा प्रश्न वेगळ्या वाटेने जातो, हेही नोंदवून ठेवतो. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं तंबोरे आणि सतारी बनताहेत. तिथे जुना तंबोरा दुरुस्तीला आला की जवारी काढतात (घोडी घासून तारेचा झंकार जुळवतात), खुंट्या बसवतात आणि मालकाने सांगितलं तर सरळ नवं पॉलिश मारून देतात. तबल्याची शाई गेली की पुडी बदलायची. घराण्याचा तंबोरा म्हणून मान असतो, पण म्हणून त्याचं पॉलिश उडालेलं ठेवावं असं कोणाच्या मनात येत नाही. वय गुरूच्या नावात मोजलं जातं, लाकडाच्या कातडीत नाही. फेंडरच्या संग्राहकाने मिरजेत ते पॉलिश काम पाहिलं तर त्याला घेरी येईल, आणि मिरजेच्या कारागिराला सात लाख पौंडांच्या उघड्या लाकडाचा फोटो दाखवला तर तो विचारेल, पॉलिश कधी द्यायचंय?

किमतीचं उलटं गणित

या प्रकरणातली सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट किंमत आहे. जुन्या स्ट्रॅटच्या बाजारात झिजेला एरवी भाव नसतो. १९६१ ची एखादी गिटार पलंगाखाली पेटीत राहिली, रंग शाबूत, सगळे भाग मूळचे, तर तिला सगळ्यात जास्त पैसे. वाजवून झिजलेली कमी. पुन्हा रंगवलेली तर जवळपास निम्म्यावर, असा ढोबळ हिशेब व्यापारी करतात. म्हणजे रोरीच्या गिटारीवरून त्याचं नाव काढून टाकलं, तर नेक वाकून गेलेली, पिकअप बदललेले, खुंट्या विजोड, स्विच नवा, रंग नाही, अशा अवस्थेत ती रांगेत बरीच मागे उभी राहील.

नाव जोडलं की तेच दोष पुरावे होतात. १९७० च्या आइल ऑफ वाइट महोत्सवातलं टेस्ट या त्याच्या बँडचं चित्रीकरण आहे, १९७४ च्या आयर्लंड दौऱ्याचं आहे, शेवटच्या वर्षांतलं आहे. एकेक फ्रेम थांबवून कुठला डाग कधी कुठवर पोचला ते मागे-पुढे करून बघता येतं. या गिटारीला त्याची गरज नव्हती, कारण ती कुटुंबाबाहेर गेलीच नव्हती. पण इतर प्रसिद्ध वाद्यांची ओळख पटवताना लिलावगृहं नेमकं हेच करतात: लाकडाच्या रेषा आणि टवक्यांचे आकार जुन्या फोटोंशी ताडून बघतात. नवी चकचकीत गिटार तिच्यासारख्याच शेकडो गिटारींत हरवते. झिजलेली हरवू शकत नाही. 

आणि इथे प्रतिकृतीचा एक वेगळाच पेच येतो. ती हजार ठिकाणी तोच डाग घेऊन जाते, म्हणजे ओळख पटवण्याचं काम झिजेने जिथे करायचं तिथेच ती नापास होते. पण थांबा. घेणाऱ्याने ती वीस वर्षं वाजवली तर? त्याचा हात रोरीपेक्षा जाड किंवा बारीक असणार, तो बसून वाजवत असेल, डावीकडे जरा कललेला असेल, त्याचा घाम सौम्य असेल. कारखान्याने घासलेल्या जागेच्या बाजूला एक नवी विरळ कड तयार होईल, जिला रोरीशी काही देणंघेणं नाही. फ्रेटबोर्डवर त्याच्या आवडत्या स्वरांच्या जागी खळगे पडतील. १९९७ च्या पहिल्या खेपेतल्या ज्या प्रतिकृती खरोखर वाजल्या, त्या आता या वयाला आल्यात. माझं मत विचाराल तर त्यांच्यावरची ती दुसरी झीजच जास्त वाचनीय आहे. विकताना मालक मात्र पहिलीचेच फोटो टाकतात.

सध्या कुठे आहे

लिलावात गिटार घेतली डेनिस डेस्मंड यांच्या लाइव्ह नेशन गेइटी प्रॉडक्शन्सने, आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठी. आयर्लंडात अनेकांचा आग्रह होता की ती देशाबाहेर जाऊ नये, सरकारने घ्यावी. शेवटी खासगी पैशांतून ती घरी आली.

तिथे संवर्धकांसमोर जो प्रश्न आहे तो प्रतिकृती बनवणाऱ्यांना कधी पडलाच नाही. घाम म्हणजे मीठ. तीस वर्षांचं मीठ ब्रिजच्या सांध्यांत, स्क्रूंच्या आट्यांत, लाकडाच्या छिद्रांत बसलेलं आहे, आणि हवेत ओलावा वाढला की ते धातूला पुन्हा खायला लागतं. धुऊन काढावं तर गिटार जशी आहे तशी राहत नाही. ठेवावं तर स्क्रू हळूहळू गंजत जाणार. संग्रहालयं अशा वेळी सहसा हात न लावता काचेच्या पेटीतली हवा कोरडी आणि स्थिर ठेवतात. तारांचा ताण किती ठेवायचा हेही ठरवावं लागतं, कारण ताणलेली नेक, तीही एकदा वाकलेली, कायम ओढत राहते. आणि तारा पूर्ण सोडल्या तर आतला ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी धातूची सळई, तिला उलट बाजूला खेचतो. पाच स्पर्झेल आणि एक गोटो, सहाही खुंट्या किती पीळ देऊन ठेवायच्या हे आता कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल.